अमेरिकेत कॅम्पसवरचं काम: भाच्याला कोणतं चालतं, कोणतं नाही?

रंकाळा_टॉवर

नमस्कार मंडळी. भाचा ऑगस्टमध्ये एमएसला निघालाय, अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात. व्हिसा एफ-१ (विद्यार्थ्यांचा), आय-२० (विद्यापीठानं दिलेला प्रवेशाचा कागद) हातात आहे. त्याच विद्यापीठात त्याची चुलत बहीण बीएस करते, ती जन्मानं तिथलीच नागरिक. तिला 'वर्क-स्टडी'मधून लायब्ररीत काम लागलं. त्याच लायब्ररीच्या जागेला ह्यानं अर्ज टाकला तर पोर्टलनं 'अपात्र' म्हणून परत पाठवला. आता घरात रोज चर्चा, कुणाचा कुणाला मेळ नाही. म्हणून इथं विचारतो:

१) एकाच लायब्ररीतलं काम तिला चालतं नि ह्याला नाही, हे कसं?
२) आठवड्याला २० तास म्हणतात, ते मोजायचे कसे?
३) एसएसएन (तिथला सोशल सिक्युरिटी नंबर, पगाराला लागतो तो) आधी का नोकरी आधी?
४) दाजींचा हिशेब असा की फी कर्जातून, राहणं-जेवण पोरगा तिथं कमावून भागवेल. हे धरून चालावं का?

गल्लीतला एकजण छातीठोक सांगतोय, हॉटेलात रोखीनं काम सगळेच करतात, कोण बघत नाही. त्यावरही बोला.

---

कळंबा_नाका

पहिल्या प्रश्नातच सगळा घोळ आहे, म्हणून तिथं जरा थांबतो. पात्रता तीन ठिकाणी ठरते आणि लोक तिन्हींची मिसळ करतात. एक, व्हिसा काय परवानगी देतो. दोन, त्या कामाचा पगार कुणाच्या खिशातून येतो. तीन, विद्यापीठाचे स्वतःचे नियम. भाचा अडलाय तो दुसऱ्या ठिकाणी. व्हिसावरच्या कामाच्या परवानगीचा इथं काही संबंध नाही.

'फेडरल वर्क-स्टडी' ही केंद्र सरकारची आर्थिक मदत योजना आहे. तिच्यासाठी 'फाफ्सा' नावाचा अर्ज भरायचा असतो. तो अर्ज नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि आश्रय मिळालेल्यांसारखे काही ठरावीक गट एवढ्यांनाच लागू. त्यात घरच्या उत्पन्नावरून गरज सिद्ध व्हावी लागते. मग मदतीच्या पत्रात वर्षाला अमुक डॉलर वर्क-स्टडी असा आकडा येतो. तो आकडा म्हणजे हातात आलेले पैसे नव्हेत, तेवढे कमवायची मुभा. काम शोधायचं स्वतःच, पगार तासावर, आणि आकडा संपला की त्या खात्यातून पगार बंद. मग विभागाने आपल्या बजेटमधून ठेवून घेतलं तर ठीक, नाहीतर सेमिस्टरच्या मधेच काम जातं. बहिणीला सांगा, किती उरलेत यावर लक्ष ठेव.

एफ-१ वाल्याला ही योजना बंदच. कितीही गरज असो, मार्क कितीही असोत.

पण लायब्ररीत फक्त वर्क-स्टडीच्याच जागा असतात असं नाही. विभागाच्या स्वतःच्या बजेटमधल्याही असतात. जाहिरातीत त्यांना 'रेग्युलर स्टुडंट एम्प्लॉयमेंट', 'डिपार्टमेंटल फंडेड', 'नॉन वर्क-स्टडी' असं काहीबाही लिहिलेलं असतं, नाव विद्यापीठागणिक बदलतं. भाच्यानं पोर्टलवर हाच फिल्टर लावायचा. पुष्कळ विद्यापीठं 'हँडशेक' नावाचं नोकऱ्यांचं पोर्टल वापरतात, त्यात ऑन-कॅम्पस आणि वर्क-स्टडी हे दोन रकाने वेगळे दिसतात. 'वर्क-स्टडी आवश्यक' असेल तिथं अर्ज टाकून वेळ घालवू नये. 'वर्क-स्टडीला प्राधान्य' असेल तिथं टाकावा, पण आशा बेताची ठेवावी. कारण साधं आहे: वर्क-स्टडीच्या पोरापोरींचा पगार साधारणपणे ७५ टक्क्यांपर्यंत केंद्र सरकार देतं, विभागाला उरलेलाच भार. भाच्याला ठेवलं तर पूर्ण पगार विभागाच्या माथी. दोघं सारखेच असले तर विभाग कुणाला घेणार ते सांगायला नको.

तिसरा थर विद्यापीठाचा. बहुतेक ठिकाणी पूर्णवेळ नोंदणी हवी. बीएसला १२ क्रेडिट, एमएसला विद्यापीठ ठरवेल तेवढे, बऱ्याच ठिकाणी ९. असिस्टंटशिपला (शिकवण्यात किंवा संशोधनात मदतीचं विद्यापीठाचं पगारी काम) ३.० जीपीए (गुणांची सरासरी) ही नेहमीची अट. वर्ग शिकवायचं काम असेल तर इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेचे गुण वेगळे मागतात, टोफेलचा एकूण आकडा चांगला असला तरी 'स्पीकिंग' कमी म्हणून अडतं.

---

बिंदू_चौक

तासांचं मी सांगतो, कारण नकळत चूक होते ती इथंच.

वर्ग चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. आठवडा म्हणजे विद्यापीठाच्या पगार विभागाचा आठवडा, बहुधा रविवार ते शनिवार. सरासरी चालत नाही. ह्या आठवड्यात १६ केले म्हणून पुढच्यात २४, हे नियमभंगात मोडतं. दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हींची बेरीज धरतात. मेसमध्ये १२ आणि लॅबमध्ये १०, झाले २२, गेला बाहेर. दोन्ही मॅनेजरना एकमेकांचे तास दिसत नाहीत, त्यामुळे हिशेब पोरानंच ठेवायचा. परीक्षेच्या आठवड्यात कुणीतरी 'माझी शिफ्ट घे ना' म्हणतं आणि २० चे २३ होतात, बहुतेक वेळा असंच घडतं.

असिस्टंटशिप मिळाली आणि ती अर्धवेळ असली तर तीच २० तासांची धरतात. प्रत्यक्षात १५ तासांतच काम उरकलं तरी करारातले २० भरले. वर कॅफेत दोन तासही नाहीत.

सुट्टीत पूर्णवेळ चालतं. विद्यापीठाच्या कॅलेंडरमध्ये अधिकृत सुट्टी हवी आणि पुढच्या सत्राला नाव नोंदवायचा इरादा हवा. थँक्सगिव्हिंगचा आख्खा आठवडा सुट्टी का फक्त दोन दिवस, हे प्रत्येक विद्यापीठात वेगळं. कॅलेंडर बघून, खात्री नसेल तर परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला ईमेल करून मगच शिफ्ट वाढवावी. त्यांचं उत्तर जपून ठेवावं. (दिवाळीला तिकडं सुट्टी नसते, आईला आधीच सांगून ठेवा.)

सुरुवात कधी? कार्यक्रम, म्हणजे अभ्यासक्रम, सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपासून काम करता येतं, त्याआधी नाही. शेवट कधी? आय-२० वरची कार्यक्रम संपायची तारीख. त्यानंतर ओपीटीची (शिकून झाल्यावर त्याच विषयात तात्पुरतं काम करायची) परवानगी हातात नसेल तर कॅम्पसवरचं कामही बंद. मॅनेजर म्हणाला 'अजून दोन आठवडे ये' तरी नाही.

बहिणीला व्हिसाचा हा २० चा नियम नाही. पण अनेक विद्यापीठं नागरिकांनाही सत्र चालू असताना स्वतःची मर्यादा लावतात. ती मोडली तर मॅनेजर ओरडेल, एवढंच. भाच्यानं मोडली तर स्टेटस (तिथं विद्यार्थी म्हणून राहायची कायदेशीर मान्यता) जातं.

---

खासबाग_मैदान

एवढं घाबरवू नका हो. रोखीनं काम करणारी ढीगभर पोरं आहेत तिथं. कागदावर काही येतच नाही तर पकडणार कोण?

---

कळंबा_नाका

@खासबाग_मैदान भावा, पकडतात का नाही हा वेगळा प्रश्न. नियम काय म्हणतो ते बघ.

काही कारणानं स्टेटस गेलं, समजा क्रेडिट कमी पडले, तर ते परत मिळवायचा अर्ज करता येतो, त्याला 'रीइन्स्टेटमेंट' म्हणतात. त्या अर्जाची एक अट अशी की परवानगीशिवाय काम केलेलं नसावं. म्हणजे रोखीच्या कामानं परतीचा दरवाजाही बंद होतो. २० च्या वरचे तासही ह्याच खात्यात जातात. शिवाय पुढं कधी ग्रीन कार्डच्या फॉर्मवर 'परवानगीशिवाय काम केलंय का' हा प्रश्न येतो. तिथं 'नाही' लिहिलं तर खोटं, 'हो' लिहिलं तर अडचण. आणि रोखीचा मालक पैसे बुडवेल तेव्हा तक्रार करायला पोरगं बिचकतं, हे त्या मालकाला पक्कं ठाऊक असतं.

जेवण पोचवायची किंवा टॅक्सीची अ‍ॅपं, त्यातलंही काही चालत नाही. ती स्वतंत्र धंद्यात मोडतात आणि कॅम्पसबाहेरची आहेत.

आता 'कॅम्पसवरचं' म्हणजे काय, हेही सांगून टाकतो. पगार विद्यापीठाचाच हवा असं नाही. कॅम्पसच्या हद्दीत असलेली आणि विद्यार्थ्यांना थेट सेवा देणारी खासगी दुकानंही चालतात: पुस्तकांचं दुकान, कँटीन, कॉफी शॉप. त्याच कंपनीचं रस्त्यापलीकडचं दुकान चालत नाही. उलट, कॅम्पसच्या आत इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराकडचं काम चालत नाही, कारण ती सेवा विद्यार्थ्यांसाठी नाही. जागा आणि सेवा, दोन्ही जुळायला लागतात. बाहेरची एखादी संशोधन संस्था विद्यापीठाशी शैक्षणिकदृष्ट्या जोडलेली असेल तर तीही धरतात, पण तिथं आधी डीएसओचं लेखी मत घ्यायचं. डीएसओ म्हणजे विद्यापीठातला तो अधिकारी, ज्याची आय-२० वर सही असते.

---

शाहूपुरी_सहावी_गल्ली

तिसरा प्रश्न: नोकरी आधी, एसएसएन मागून. एफ-१ वाल्याला कामाचा कागद दाखवल्याशिवाय एसएसएन देतच नाहीत. कॅम्पसवरच्या कामाला वेगळं वर्क परमिट कार्डही लागत नाही, तो गैरसमज काढून टाका.

क्रम असा. उतरल्यावर परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात हजेरी लावायची म्हणजे ते 'सेव्हिस'मध्ये (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीत) नोंद चालू करतात. ही पायरी राहिली तर पुढचं सगळं अडतं. काम ठरलं की विभागाकडून पत्र घ्यायचं. पत्रात विद्यार्थ्याचं नाव, काम कोणतं, सुरू व्हायची तारीख, आठवड्याचे तास, नोकरी देणाऱ्याचा कर क्रमांक, सुपरवायझरचं नाव, फोन आणि सही हवी. तारीख किंवा तास नसलेलं पत्र काउंटरवरून परत येतं. ते पत्र डीएसओला दाखवलं की तो दुसरं पत्र देतो. मग सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जायचं. सोबत एसएस-५ फॉर्म (एसएसएनचा अर्ज), पासपोर्ट, आय-९४ (देशात आल्याची नोंद), आय-२० आणि ही दोन्ही पत्रं, सगळी मूळ प्रत. झेरॉक्स चालत नाही. फी काही नाही, कुणी मागितली तर तो एजंट समजा.

उतरल्या उतरल्या पळू नये. देशात आल्यापासून साधारण १० दिवस आणि सेव्हिसची नोंद चालू झाल्यापासून निदान ४८ तास जाऊ द्यावेत. नाहीतर त्यांच्या संगणकावर माहिती दिसत नाही, मग ते पडताळणीला पाठवतात आणि चार दिवसांचं काम चार आठवड्यांवर जातं. काम सुरू व्हायला ३० दिवसांहून जास्त असतील तरी अर्ज घेत नाहीत.

कार्ड पोस्टानं येतं. तोवर काम थांबवायची गरज नाही. नंबर येण्याआधी कामाला लागता येतं, अर्ज केल्याची पावती पगार विभागाला दाखवायची आणि नंबर आला की कळवायचा. काही विभाग 'नंबर आल्याशिवाय नाही' म्हणतात, तो त्यांचा अंतर्गत नियम असतो.

दुसरा कागद आय-९, म्हणजे काम करायची परवानगी तपासायचा फॉर्म. पहिला भाग विद्यार्थ्यानं कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा, दुसरा भाग नोकरी देणाऱ्यानं काम सुरू झाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत. पहिल्या भागात चौकोन निवडताना 'नागरिक' किंवा 'कायम रहिवासी' यावर चुकूनही खूण नको. 'काम करायची परवानगी असलेला परदेशी' हा चौकोन, आणि मुदतीच्या जागी आय-२० वरची कार्यक्रम संपायची तारीख. नागरिक असल्याचा खोटा दावा हा त्यांच्याकडं फार गंभीर प्रकार आहे, 'घाईत टिक झालं' हे उत्तर तिथं खपत नाही. कागदपत्र म्हणून पासपोर्ट, आय-९४ आणि आय-२० एकत्र दाखवायचे.

---

रंकाळा_टॉवर

झकास माहिती. शाहूपुरीकर, एक शंका. भाच्याच्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं नि वडिलांचं नाव एकत्र आहे, आडनाव वेगळं. विद्यापीठाच्या ईमेलवर फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव. हे अडेल का?

---

शाहूपुरी_सहावी_गल्ली

आपल्याकडच्या निम्म्या पासपोर्टचं हेच आहे. नियम एकच धरा: पासपोर्ट, आय-२०, आय-९४, एसएसएन ह्या चारींवर अक्षर न् अक्षर सारखं हवं. ईमेल आणि ओळखपत्रावर छोटं नाव असलं तर बिघडत नाही. ऑफर लेटर मात्र पासपोर्टप्रमाणे मागून घ्या. आय-९४ उतरल्यावर दोनचार दिवसांत वेबसाइटवरून काढून नाव, जन्मतारीख आणि वर्गात एफ-१ आहे का ते तपासायचं. चूक असेल तर आधी ती दुरुस्त, मग एसएसएनला. उलट्या क्रमानं गेलात तर चुकीचंच नाव कार्डावर छापून येतं.

ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे त्यांचं अवघड. व्हिसावर सगळं नाव आडनावात जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' ('फर्स्ट नेम अननोन', म्हणजे नाव माहीत नाही) येतं, मग पगारापासून बँकेपर्यंत सगळीकडं तेच नाव. तसं कुणाचं असेल तर व्हिसाला जायच्या आधीच पासपोर्ट दुरुस्त करून घ्या.

---

पंचगंगा_घाट

चौथा प्रश्न पैशाचा, तो कुणी घेतला नाही. दाजींना हा हिशेब दाखवा.

ताशी १२ डॉलर धरू. केंद्राचं किमान वेतन ७.२५ आहे, पण बऱ्याच राज्यांत त्याहून जास्त. २० तासांचे २४० डॉलर. सोळा आठवड्यांचं सत्र, म्हणजे ३,८४०. पण पहिल्या सत्रात काम शोधणं, पत्रं, कागदपत्रं यात चार आठवडे सहज जातात, मग राहिले २,८८०. शिवाय २० ही वरची मर्यादा आहे, हमी नाही. मेस किंवा कँटीनमध्ये सुरुवातीला १० ते १२ तासच मिळतात. मग सत्राचे दीड-दोन हजार. खोलीचं भाडं चार पोरांत वाटून घेतलं तरी त्यात भाडं, किराणा आणि फोन सगळं बसत नाही. म्हणून कर्ज काढतानाच निदान पहिल्या वर्षाचं राहणं-जेवण धरून काढा. जे कमावेल ते वरचं समजा. व्हिसाच्या मुलाखतीतही 'तिथं काम करून भागवेन' हे वाक्य नको. खर्चाची सोय आधीच झालेली दिसावी लागते, आय-२० त्यासाठीच आर्थिक कागद बघून देतात.

करात मात्र आपल्या पोरांना दोन फायदे आहेत.

एक, एफ-१ वर असताना पहिली पाच कॅलेंडर वर्षं पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (म्हातारपणच्या पेन्शन आणि आरोग्यसेवेसाठीची कपात) कापत नाहीत. ती कपात ६.२ आणि १.४५, मिळून ७.६५ टक्के असते. ऑगस्टमध्ये उतरला तरी ते अख्खं वर्ष पहिलं मोजतात. कॅम्पसवरच्या खासगी कॉफी शॉपचा पगार विभाग हे विसरतो आणि कापतो. पहिल्या पगाराची स्लिप बघायची, कापलं असेल तर आधी त्यांच्याकडूनच परत मागायचं. दिलं नाही तर फॉर्म ८४३ भरून कर खात्याकडं.

दुसरा, भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१(२) मुळं भारतीय विद्यार्थ्याला 'स्टँडर्ड डिडक्शन' (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) मिळतं. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ते नाही. वर्षाला सात-आठ हजार डॉलर कमावणाऱ्याचा केंद्राचा कर त्यामुळं बहुधा शून्यावर येतो. राज्याचा वेगळा, तो राज्यानुसार. डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा फॉर्म) भरताना 'अनिवासी' म्हणूनच भरायचा. मित्राचा ग्रीन कार्डवाला फॉर्म बघून नक्कल केली की चुकतं.

---

आयटीआय_कॉर्नर

आमच्याकडं एकीला जर्मनी आणि एकाला कॅनडा आहे. तिथंही हाच २० चा नियम?

---

बिंदू_चौक

नाही, प्रत्येक देशाचं गणित वेगळं. थोडक्यात:

जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. विद्यापीठातलं सहाय्यकाचं काम, ज्याला ते 'हीवी' म्हणतात, त्यात मोजत नाहीत. तरी परदेशी कार्यालयाला कळवून ठेवावं.

कॅनडात कॅम्पसबाहेर सत्र चालू असताना आठवड्याला २४ तास, नोव्हेंबर २०२४ पासून. कॅम्पसवरच्या कामाला तासांची मर्यादा नाही, म्हणजे अमेरिकेच्या बरोबर उलट. पण स्टडी परमिटवर कामाची अट छापलेली आहे का ते विमानतळावरच वाचून घ्या.

ब्रिटनमध्ये पदवी किंवा वरच्या अभ्यासक्रमाला सत्रात २० तास, स्वतःचा धंदा नाही. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, जुलै २०२३ पासून.

---

सायबर_चौक

आणि आपल्या शिवाजी विद्यापीठात 'कमवा आणि शिका' आहे, त्यात बाहेर देशातली पोरं बसतात का? शेजारच्या खोलीत एक आफ्रिकन मुलगा राहतो, तो विचारत होता.

---

कळंबा_नाका

त्याला सांग, भारताच्या स्टुडंट व्हिसावर पगारी नोकरी चालत नाही. विद्यापीठाकडून अधिकृत शिष्यवृत्ती किंवा फेलोशिप मिळत असेल तर तो वेगळा विषय, त्याचं पत्र त्याच्याजवळ असू दे. कॅफेत, कॉल सेंटरला किंवा ओळखीच्या दुकानात बसणं नको. 'कमवा आणि शिका' ही आपल्या गरजू पोरांची सोय आहे. कर्मवीर अण्णांनी रयतमध्ये 'स्वावलंबी शिक्षण' रुजवलं, त्याच वाटेवरची. तिचे तास नि मानधन दर वर्षीच्या परिपत्रकात असतात, विभागातूनच अर्ज जातो.

---

रंकाळा_टॉवर

दाजींना पंचगंगाकरांचा हिशेब वाचून दाखवला. गप्प बसलेत, उद्या बँकेत जाऊन रक्कम वाढवायचं विचारतो म्हणाले. शेवटचं एक: समजा पहिल्या वर्षी त्याला काम मिळालंच नाही, तर कराचा काही कागद भरायचा नसणार ना?

---

पंचगंगा_घाट

भरायचाच. एक रुपया कमावला नाही तरी फॉर्म ८८४३ प्रत्येक एफ-१ वाल्याला लागतो. उत्पन्न नसेल तर पुढच्या वर्षी १५ जूनपर्यंत नुसता तोच, छापून, सही करून पोस्टानं. पगार असेल तर १०४०-एनआर (अनिवासींचं कर विवरणपत्र) सोबत, १५ एप्रिलच्या आत. आणि तिथल्या निवासी करदात्यांसाठीची ती फुकटची अ‍ॅपं वापरू नये, ती निवासी समजून १०४० भरतात. बरीच विद्यापीठं अनिवासींसाठी 'ग्लेशियर' किंवा 'स्प्रिंटॅक्स' हे कर भरायचं सॉफ्टवेअर देतात, फेब्रुवारीच्या सुमारास कोड मागून घ्यायचा.